कनेक्शनच्या पलीकडे

तुमच्यापैकी बहुतेकांचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट सारख्याच बांधणीचा असतो: पुढे फॉर्म, मागे डेटाबेस. दोन्ही एकाच लॅपटॉपवर असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवला की खरी कसोटी लागते. मी रोज पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतो, म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलतो.

समजा, सर्व्हर 192.168.1.10 या पत्त्यावर आहे आणि पोर्ट, म्हणजे त्या मशीनवरच्या दाराचा क्रमांक, नेहमीचा, 5432. प्रोग्रॅम चालू केला, एरर आली. अशा वेळी मुलं सगळ्यात आधी पासवर्ड बदलून बघतात. तसं करू नका, आधी एरर वाचा. तुम्ही कुठल्या दारात अडलात ते तीच सांगते.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मशीन बहुधा सापडलेलं आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ताजा बसवलेला पोस्टग्रेस फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतो. लिसन-ॲड्रेसेस ही सेटिंग बदला आणि सर्व्हर रीस्टार्ट करा, नुसत्या रीलोडने, म्हणजे चालू सर्व्हरला सेटिंग पुन्हा वाचायला लावून, ती लागू होत नाही. काहीच उत्तर न येता टाइमआउट झाला, तर आधी फायरवॉल तपासा. आणि 'पीजी-एचबीए फाइलमध्ये नोंद नाही' असं आलं तर खूश व्हा, कारण तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलात. कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या युजरने, कुठल्या डेटाबेसकडे यायचं आणि ओळख कशी पटवायची, हे त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. सर्व्हर ती वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ पकडतो. त्या ओळीने नाकारलं की पुढची बघतच नाही. माझी बरोबर ओळ अशाच एका जुन्या ओळीच्या खाली होती आणि ते लक्षात यायला मला अर्धा दिवस लागला. या फाइलला मात्र रीलोड पुरतो.

पासवर्डची पाळी यानंतर. इथेही एक गोष्ट सांगतो. पोस्टग्रेसच्या 14 व्या आवृत्तीपासून पासवर्ड मुळातच स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीने साठवला जातो. प्रोग्रॅम चालतो त्या पीसीत जुना ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी बोलायला लावणारा भाग, असला तर त्याला ही पद्धत कळत नाही. पासवर्ड बरोबरच असतो, बदलायचा असतो तो ड्रायव्हर.

कनेक्शन जुळलं की सर्व्हर तुमच्यासाठी एक वेगळी प्रोसेस उभी करतो. दर कनेक्शनला एक. मुळात मर्यादा 100 ची असते. ही प्रोसेस तुमचीच. तुम्ही सुरू केलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) आणि घेतलेली लॉक (दुसऱ्याला बदल करू न देणारी कुलुपं) ती सांभाळून बसते, तुम्ही 'झालं' म्हणेपर्यंत.

हे मला पाठ होतं, पण समजलं एका औषधांच्या गोदामात. तिथे चार काउंटर होते आणि प्रोग्रॅम माझा. साठा दुरुस्त करायची खिडकी उघडली की मी ट्रान्झॅक्शन सुरू करून त्या औषधाची रो, म्हणजे टेबलातली ओळ, लॉक करायचो आणि 'सेव्ह' दाबल्यावर कमिट, म्हणजे बदल पक्का. दोघांनी एकच साठा एकाच वेळी बदलू नये, एवढाच हेतू. एका दुपारी फोन आला: एका औषधाचं बिल होत नाहीये, बाकी सगळं चालू आहे. यादीत ते औषध दिसत होतं, शिल्लकही दिसत होती, म्हणून मी आणखी गोंधळलो. नुसतं वाचणाऱ्याला ते लॉक अडवत नाही, साठा कमी करायला जाणारा मात्र थांबून राहतो.

कुठलं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारं पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी उघडलं. एका ओळीत अवस्था लिहिली होती, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं, आणि वेळ पन्नास मिनिटांपूर्वीची. तिसऱ्या काउंटरवरचे काका खिडकी तशीच उघडी ठेवून जेवायला गेले होते. त्यांची काहीच चूक नव्हती. माणूस जेवायला जाणारच. त्यांच्या डब्याला मी डेटाबेसचं लॉक बांधून ठेवलं होतं.

आता मी दर रोमध्ये आवृत्ती क्रमांक ठेवतो. खिडकी उघडताना रो वाचली, ट्रान्झॅक्शन तिथेच संपलं. सेव्ह करताना अट घालतो की क्रमांक वाचला तोच असेल तरच बदल, आणि बदलासोबत क्रमांक एकने वाढव. शून्य रो बदलल्या, तर मधे कोणीतरी हात लावलाय. लॉक लागतं ते क्षणभर. त्याशिवाय असं रेंगाळलेलं ट्रान्झॅक्शन ठरावीक वेळानंतर तोडायची सेटिंग 9.6 पासून आहे. मुळात ती बंद असते, मी एका मिनिटावर ठेवतो. ती कनेक्शनच तोडते, तेव्हा प्रोग्रॅमला पुन्हा जोडून घेता आलं पाहिजे.

आणि शून्य रो आल्यावर 'सेव्ह झालं नाही' एवढंच दाखवू नका. माझ्या खिडकीत आता असं येतं: 'हा साठा 2:10 ला काउंटर एकवर बदलला. आता शिल्लक 38. तुम्ही 45 लिहिले आहेत.' खाली दोन बटणं. काका आकडे बघतात, रॅकपाशी जाऊन खोकी मोजतात आणि मग बटण दाबतात.