जमीन न खणता माणूस भूमिगत कसा होतो?

नमस्कार! आधी दोन वाक्यं ऐका. 'या भागातली वीजवाहिनी भूमिगत केली.' आणि 'नाना पाटील 1942मध्ये भूमिगत झाले.' पहिल्या वाक्यात खरोखर चर खणला, केबल टाकली, वरून माती लोटली. दुसऱ्यात कुणी कुदळसुद्धा उचललेली नाही. तरी शब्द एकच.

ही सगळी किमया 'गत'ची.

[स्क्रीनवर: भूमि + गत]

संस्कृतात 'गम्' म्हणजे जाणे. त्यावरून गत, म्हणजे गेलेला: गतवर्ष, गतकाळ. पण हाच 'गत' समासाच्या शेवटी आला की 'त्यात असलेला' असाही अर्थ देतो. मनोगत म्हणजे मनात असलेलं. अंतर्गत म्हणजे आतलं. त्यामुळे 'भूमिगत'मध्ये जमिनीत जाणंही आहे आणि जमिनीत असणंही.

आता क्रियापदांकडे बघा. केबल भूमिगत 'करतात'. माणूस मात्र आपणहून भूमिगत 'होतो' आणि मग भूमिगत 'राहतो'. त्यात त्याचा निर्णय आहे, आणि रोजची जोखीमही. मला या शब्दाबद्दल आदर वाटतो तो इथे.

8 ऑगस्ट 1942ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि 9 तारखेच्या पहाटेच धरपकड सुरू झाली. मोठे नेते तुरुंगात गेले. अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली यांच्यासारखे जे हाती लागले नाहीत, त्यांनी लढा भूमिगत राहून चालवला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहायचे. 12 नोव्हेंबरला छापा पडला, तोपर्यंत हा 'भूमिगत' रेडिओ चांगल्या उभ्या इमारतींमधून बोलत होता! तिकडे साताऱ्याच्या गावांत प्रतिसरकारचे कार्यकर्ते न्यायनिवाडे करत होते. लोकांनी त्यांना घरात लपवलं, जेवू घातलं. भूमिगत होणं म्हणजे लोकांच्यात मिसळून जाणं, इतकं की पोलिसांना दिसू नये.

पोलिसांच्या भाषेत असा माणूस 'फरारी'. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, आणि त्याच्या मुळाशी पळणं आहे. माणूस तोच, पण फरारी म्हटलं की तो पळालेला आणि भूमिगत म्हटलं की कामाला लागलेला. कोण बोलतंय, ते शब्दावरूनच कळतं.

जाता जाता 'गुप्त'बद्दल. त्याचा धातू 'गुप्', म्हणजे राखणे, सांभाळणे. गुप्त म्हणजे मुळात राखलेलं, आणि जपून ठेवलेलं ते लपलेलंही. 'गुहा' आणि 'गूढ' मात्र 'गुह्' या धातूचे. त्याचा अर्थच लपवणे.

पण जमिनीखालचं सगळंच मराठीला मानाचं वाटतं असं नाही. जमिनीखाली पाताळ, आणि पाताळावरून 'पाताळयंत्री'. हा माणूस कधीच लपत नाही. तो उजळ माथ्याने तुमच्यासमोर बसतो, गोड बोलतो. लपलेला असतो तो त्याचा डाव.