अणुबॉम्बला माणसं द्यायची की कारखान्याला?

मित्रहो, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीननं लोप नूरच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट केला. सामुद्रधुनीच्या अलीकडे तैवानमध्ये त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार करा. तैवानचे सत्ताधीश च्यांग काय-शेक यांना पंधरा वर्षांपूर्वी याच कम्युनिस्टांनी मुख्य भूमीवरून हुसकावून लावलं होतं. तीन वर्षांच्या आत तैवानच्या लष्करानं आराखडा तयार केला: सीमेन्सकडून जड पाण्याची अणुभट्टी घ्यायची, जड पाण्याचा कारखाना उभारायचा आणि बॉम्बला लागणारं प्लुटोनियम वेगळं काढायचा प्रकल्प. अंदाजे खर्च १४ कोटी डॉलर. नाव ठेवलं शिंचू प्रकल्प.

हा आराखडा तपासायला वू ता-यू यांच्याकडे गेला. ते भौतिकशास्त्रज्ञ होते. १९५७ चं नोबेल मिळवणारे यांग आणि ली हे दोघंही त्यांचे विद्यार्थी. वूंनी आकडेमोड पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, की खर्च फारच कमी धरलाय आणि हा नाद सोडावा; अणुऊर्जा हवी असेल तर वीज निर्माण करणारी भट्टी विकत घ्यावी आणि ते काम लष्कराबाहेरच्या हाती ठेवावं. लष्करी राजवटीत, च्यांग यांच्यासारख्या माणसाला असं सांगायला काय छाती लागत असेल! मला या सगळ्या कहाणीत हा माणूस फार मोठा वाटतो.

पण लष्करानं काम थांबवलं नाही. नाव बदललं, काम आटोपशीर केलं आणि कॅनडाकडून ४० मेगावॅटची संशोधन भट्टी घेतली. ती १९७३ मध्ये सुरू झाली. ही भट्टी म्हणजे आपल्या ट्रॉम्बेच्या सायरसचं सख्खं भावंड. दोघींचं मूळ कॅनडातलं. सायरस १९६० साली सुरू झाली होती आणि मे १९७४ मध्ये पोखरणला जो स्फोट झाला, त्याचं प्लुटोनियम तिच्यातूनच आलं होतं. त्या स्फोटानंतर कॅनडानं हात आखडता घेतला. तशीच भट्टी मागणाऱ्या दक्षिण कोरियाला ती मिळाली नाही. कोरियाच्या या इतिहासात मुंबईच्या खाडीकाठचा एवढा तरी भाग आहे, आणि आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही.

आता त्याच १९७४ सालच्या फेब्रुवारीत तैपेईत काय चाललं होतं ते बघा. सोयाबीनच्या दुधाचं एक साधं दुकान, सकाळची न्याहारी, टेबलाभोवती सात माणसं. त्यात आर्थिक व्यवहार मंत्री सुन युन-सुआन होते आणि अमेरिकेत आरसीए कंपनीत काम करणारे इंजिनिअर पान वेन-युआन होते. पुढे काय बनवायचं, असा प्रश्न होता. पान म्हणाले, इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे चिप. तंत्रज्ञान अमेरिकेकडून विकत घ्यायचं, चार वर्षं आणि एक कोटी डॉलर लागतील. १९७६ मध्ये आरसीएशी करार झाला, तरुण इंजिनिअरांना शिकायला अमेरिकेत पाठवलं आणि शिंचूलाच प्रायोगिक कारखाना उभा राहिला. १९८० मध्ये तिथं विज्ञान पार्क झालं, १९८७ मध्ये मॉरिस चांग यांनी चिप बनवणारी टीएसएमसी ही कंपनी सुरू केली.

म्हणजे एकाच बेटावर, एकाच सरकारच्या पैशातून दोन कामं शेजारी शेजारी चालू होती. आपण अशा वेळी नेहमी पैशाचं बोलतो. मला पैशापेक्षा माणसांचा प्रश्न मोठा वाटतो. गरीब देशाकडे उत्तम शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ, धातुशास्त्रज्ञ, रसायन अभियंते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. पैसा कर्जानं मिळतो, ही माणसं कर्जानं मिळत नाहीत. त्यातला एकेक जण गुप्त प्रयोगशाळेत बसवला, की तो पंधरा-वीस वर्षं जगाला काही सांगू शकत नाही, कुणाला काही विकू शकत नाही, आणि त्याच्या हाताखाली शिकलेला पोरगा बाहेर जाऊन कारखाना काढू शकत नाही.

तैवानचा गुप्त कार्यक्रम संपला तो जानेवारी १९८८ मध्ये. अणुसंस्थेचे उपसंचालक चांग शिएन-यी सीआयएच्या मदतीनं कुटुंबासह अमेरिकेला गेले आणि सगळं उघड झालं. त्याच महिन्यात अध्यक्ष च्यांग चिंग-कुओ वारले. अमेरिकनांनी भट्टी बंद करायला लावली. टीएसएमसी तेव्हा एक वर्षाचीही झाली नव्हती. कुणाचं भवितव्य कुठे होतं, हे आज सांगायला नको.

दक्षिण कोरियात हा निर्णय आणखी उघडपणे दबावाखाली झाला. १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन म्हणाले, आशियातल्या मित्रांनी आपलं रक्षण आधी आपणच करावं; १९७१ मध्ये अमेरिकेची एक डिव्हिजन, जवळपास वीस हजार सैनिक, कोरियातून निघून गेली. अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी गुपचूप बॉम्बची तयारी सुरू केली आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढणाऱ्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पासाठी फ्रान्सशी बोलणी केली. अमेरिकेनं कोरी इथल्या दुसऱ्या वीजभट्टीचं कर्ज अडवण्याचा इशारा दिला. एप्रिल १९७५ मध्ये कोरियानं अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर, म्हणजे बॉम्ब न बनवण्याच्या वचनावर, शिक्कामोर्तब केलं, जानेवारी १९७६ मध्ये फ्रान्सचा सौदा सोडला. हे काही पुण्यकर्म नव्हतं, हिशेब होता. पण हिशेब करायला पर्याय असावा लागतो आणि पार्क यांच्याकडे तो होता: पोहांगचा पोलाद कारखाना. जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून तो उभा राहिला. ही पूर्वजांच्या रक्ताची किंमत आहे, फसलो तर उजवीकडे वळून समुद्रात उडी घ्यायची, असं कारखान्याचे प्रमुख पार्क ते-जून कामगारांना सांगत. जुलै १९७३ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला.

एक गोष्ट मात्र मी झाकून ठेवणार नाही. शांततेचा उद्योग कामगारासाठी शांत नव्हता. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या प्योंगह्वा बाजारात चॉन थे-इल या बावीस वर्षांच्या शिवणकामगारानं स्वतःला पेटवून घेतलं. त्याची मागणी काय होती? देशात असलेला कामगार कायदा पाळा, एवढीच. बाजाराच्या पोटमाळ्यावर, कमी उंचीच्या खोल्यांत, पोरवयाच्या मुली दिवसभर मशीनवर वाकून बसायच्या. बॉम्ब टाळला म्हणून राजवटीला सगळं माफ, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

उत्तर कोरियानं दुसरी वाट धरली. सुरुवातीला तोच भाग जास्त औद्योगिक होता, हे विसरू नका. १९९० च्या दशकात तिथं दुष्काळानं लाखो माणसं गेली आणि २००६ मध्ये बॉम्ब फुटला.

आज दक्षिण कोरियात हा प्रश्न पुन्हा वर आलाय. २०२२ च्या एका जनमत चाचणीत ७१ टक्के लोकांनी स्वतःचा बॉम्ब हवा असं सांगितलं. उत्तरेचं भय खरं आहे, अमेरिकेवरचा विश्वास डळमळतोय, हेही खरं. त्यांना शहाणपण शिकवायला मी इथं उभा नाही. पण त्यांच्या सुमारे २६ अणुभट्ट्या देशाची जवळपास एक तृतीयांश वीज देतात आणि त्यांचं युरेनियम सगळं बाहेरून येतं. प्रसारबंदी करार सोडला तर पहिला घाला त्या इंधनावर येईल, आणि तो पोहांगच्या भट्टीत आणि सोलच्या घराघरात जाणवेल. बॉम्ब मागणाऱ्यांनी हे उत्तर आधी द्यायला हवं.