पाठीत सुई जाण्याआधी

पाठीचा हा बाक बघा. हनुवटी छातीला टेकलेली, खांदे सैल, पाय स्टुलावर. समोर नर्स खांद्यांना आधार देऊन उभी. पाठ अशी गोल झाली की दोन मणक्यांमधली फट उघडते. स्पायनल, म्हणजे पाठीत सुई घालून कमरेखाली दिलेली भूल, फसते तेव्हा दोष बहुधा सुईला दिला जातो, पण गडबड आधीच, बसण्यात झालेली असते.

आता भूलतज्ज्ञांचे अंगठे. कमरेची दोन्ही हाडं चाचपून मधे आणले की साधारण कमरेच्या चौथ्या मणक्याची पातळी मिळते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. खाली असतात फक्त नसांचे सुटे धागे. बोटांचा अंदाज एखादा मणका वर चुकतो, म्हणून शंका आली की खालची फट घ्यायची.

जंतुनाशक पूर्ण वाळू द्यायचं. ही सुई २५ नंबरची, पेन्सिलीसारख्या टोकाची. पिवळा अस्थिबंध चिवट लागतो, मग हलकीशी टक्. आतली तार काढली... आणि हा थेंब, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा. अगदी स्वच्छ. लालसर असेल तर थांबायचं, स्वच्छ होत नसेल तर जागा बदलायची. पायात कळ गेली, तर औषध अजिबात ढकलायचं नाही.

सिझेरियनसाठी ०.५ टक्के हेवी बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध, साधारण २ मिली, सोबत थोडं फेंटानिल हे वेदनाशामक. मिसळलेल्या साखरेमुळे बुपिव्हाकेन जड. उतार असेल तिकडे सरकतं. म्हणून लगेच आडवं करायचं, उजव्या कुशीखाली उशी. रक्तदाब दर मिनिटाला, तो वाढवणारं फिनाइलएफ्रिन तयार. बर्फ छातीपर्यंत गार लागेनासा झाला की सुरी. ओढल्याचं जाणवतं, दुखत नाही. हात बधिरले, आवाज खोल गेला, तर भूल वर चढतेय. आधी श्वास सांभाळायचा.

एपिड्युरल, म्हणजे त्या पाण्याभोवतीच्या पडद्याबाहेर बारीक नळीतून दिलेली भूल. तिची सुई जाड, १६ किंवा १८ नंबरची (नंबर कमी तितकी जाड), टोकाला वाकलेली. ती पाण्यापर्यंत न्यायचीच नसते. सिरिंजचा दट्ट्या बघा: अस्थिबंधात रबरासारखा मागे येतो, आणि एका क्षणी सलाइन सहज आत जातं. तिथे थांबायचं. कॅथेटर, म्हणजे ती बारीक नळी, ४ ते ५ सेंटिमीटर आत ठेवायचा. सुईतून मागे खेचायचा मात्र कधीच नाही, टोक कापलं जातं.

मग ३ मिली चाचणी डोस, ॲड्रिनलिनसह. नाडी धावली तर कॅथेटर शिरेत, पाय झटकन जड झाले तर पाण्यात. बाळंतपणाच्या कळांसाठी ०.१ टक्का किंवा त्याहून सौम्य बुपिव्हाकेन पुरतं. पाय हलते राहतात. भूल एकाच बाजूला लागली तर कॅथेटर सेंटिमीटरभर बाहेर घ्यायचा. तरी नाही जमलं तर नवीन घालायचा, त्यात कमीपणा कसला?

जाड सुईनं पडदा फुटला तर बसल्यावर डोकं ठणकतं, आडवं झाल्यावर उतरतं. फारच झालं तर स्वतःचंच सुमारे २० मिली रक्त तिथे सोडतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर हे सगळं सुरू करण्याआधीच विचारायचं.

कॅथेटर निघतोय. टोक शाबूत आहे का, ते बघून कागदावर नोंद.