ओट्यापुढची मोठी खिडकी

नमस्कार श्रोतेहो. घरांची दुरुस्ती आणि नूतनीकरण हे माझं रोजचं काम. स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की घरात आधी बोलणं होतं ते ट्रॉल्यांचं. मग ग्रॅनाइटचा रंग, मग चिमणी. खिडकीचा विषय निघतो तो जुना ओटा पाडून झाल्यावर, गवंडी समोर उभा असताना. "ताई, आता फोडलंच आहे तर खिडकी जरा वाढवून घ्यायची का?" आणि तेवढ्या बोलण्यावर भिंतीत छिन्नी लागते. माझं आग्रहाचं म्हणणं असं आहे की मोठी खिडकी हवी असेल तर तिचा विचार सगळ्यात आधी करावा, आणि तो रुंदीपासून सुरू करू नये. ओट्याशी रोज जे माणूस उभं राहणार आहे, त्याच्या डोळ्यांपासून आणि हातांपासून सुरू करावा.

खिडकी मोठी हवी याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. आपल्या जुन्या वाड्यांमधली स्वयंपाकघरं बहुतेक मागच्या अंगाला, धुरानं काळवंडलेली. उजेड यायचा तो झरोक्यातून किंवा कौलात बसवलेल्या एखाद्या काचेतून. फ्लॅट आले, धूर गेला, पण कितीतरी इमारतींत स्वयंपाकघराच्या वाट्याला डक्टकडची तीन फुटी खिडकीच आली. दिवसाढवळ्या ट्यूब लावून तांदूळ निवडणाऱ्या बायका मी आजही पाहते, आणि मला ते खरंच खटकतं. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वयंपाकघराची खिडकी निदान 1 चौरस मीटरची हवी. कोकणासारख्या दमट-उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडी जागा धरतात, आणि स्वयंपाकघरासाठी त्यात आणखी 25 टक्के वाढ. 8 बाय 10 चं स्वयंपाकघर धरलं तर हिशेब येतो जवळजवळ 17 चौरस फुटांचा, म्हणजे साडेचार फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच खिडकी. तुमच्या घरची खिडकी टेपनं मोजून पाहा, बहुतेक ती निम्मीच भरेल.

आता दिशा. उत्तरेची खिडकी ओट्यासाठी सगळ्यात शांत. उजेड एकसारखा, डोळ्यांवर येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्या-मुंबईकडे दुपारी बाराचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन उत्तरेकडूनही आत येतं. तरी ते तिरपं असतं, त्रास होत नाही. पूर्वेची खिडकी सकाळच्या डब्यांच्या घाईला उत्तम. दक्षिणेबद्दल लोक उगाच घाबरतात. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर मार्चमध्ये भर दुपारी त्याची सावली जवळजवळ सहा फूट खाली पडते, अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि त्याच छज्ज्याची सावली सव्वादोन फुटांवर थांबते. खिडकीच्या खालच्या भागातून थंडीचं हवंहवंसं ऊन ओट्यावर येतं. एकच छज्जा दोन्ही ऋतूंत नेमकं हवं ते करतो.

खरी अडचण पश्चिमेची. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली आलेला असतो की दोन फुटी छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी ऊन थेट तोंडावर, वर समोर गॅस पेटलेला. त्या बाजूला मोठी काच लावायची असेल तर बाहेरून उभ्या पट्ट्या, बांबूचा पडदा किंवा झाडाची सावली, यांपैकी काहीतरी हवंच. आतून लावलेल्या पडद्यानं चकाकी कमी होते, उष्णता मात्र काच ओलांडून आधीच आत आलेली असते.

दिशा ठरली की भिंतीकडे वळू. इथे मी जरा सावकाश बोलणार आहे, कारण इथे घाई झाली तर ती फक्त तुमच्या घरापुरती राहत नाही, वरच्या मजल्यावरच्या माणसांच्याही जिवावर येते. इमारत आरसीसी सांगाड्याची असेल, म्हणजे कॉलम आणि बीमवर उभी असेल, तर मधली विटांची भिंत फक्त आडोसा असते. तिच्यात खिडकी वाढवणं तुलनेनं सोपं. पण जुन्या दोन-तीन मजली इमारतींत पुष्कळदा 9 इंची किंवा त्याहून जाड विटांच्या भिंतीच सगळा भार पेलतात. कोकणात जांभ्याच्या भिंती तेच काम करतात. अशा भिंतीत खिडकी रुंद करायची तर आधी वरच्या भाराला टेकू द्यायचे, मग नवीन लिंटेल, म्हणजे खिडकीच्या डोक्यावरची भार पेलणारी आडवी तुळई, टाकायचं, ते दोन्ही बाजूंना भिंतीवर निदान 6 ते 9 इंच बसलं पाहिजे, काँक्रीट पुरेसं मुरलं पाहिजे, आणि त्यानंतरच खालची भिंत काढायची. हा क्रम कुणी उलटा करत असेल तर काम तिथेच थांबवा.

आणि तिसरा प्रकार अलीकडच्या मनोऱ्यांचा. अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले असतात, ज्याला साइटवर सगळे मायवान म्हणतात. तिथे तुमची बाहेरची भिंत म्हणजे लोखंड घातलेलं काँक्रीट असतं आणि सगळी इमारत त्याच भिंतींवर उभी असते. तिथे खिडकी वाढवायचा विचार सोडून द्यावा. आहे त्या खिडकीची चौकट बारीक करता येते, ओटा तिच्यासमोर आणता येतो, कडेच्या भिंती पांढऱ्या ठेवता येतात. त्यानंही उजेडात डोळ्यांना जाणवेल इतका फरक पडतो.

कुठल्या प्रकारची इमारत आहे हे ठोकून आवाज ऐकून ठरवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ट्रॉल्यांवर लाखांनी खर्च होतो, त्यापुढे त्याची फी किरकोळ असते. सोसायटीत राहत असाल तर लेखी परवानगी घ्या, आणि बाहेरची भिंत फोडायची म्हणजे महापालिकेकडे काय लागतं ते परवानाधारक वास्तुविशारदाकडून आधीच विचारून घ्या.

आता ओट्याशी या. ओट्याची उंची साधारण 32 ते 34 इंच. लिंटेल बहुतेक घरांत 7 फुटांवर. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवला तर ओट्यावर आठ-दहा इंचांची टाइल येते, पाण्याचे शिंतोडे तिथे अडतात, आणि वर साडेतीन फूट उंच खिडकी मिळते. वरचा काठ जितका उंच तितका उजेड खोलीत आत पोचतो. म्हणून लिंटेलच्या खाली काच झाकणारा काहीही डबा, फळी किंवा पडद्याचा जाड पेलमेट लावू नये. रुंदी वाढवायला वाव असेल तर भिंतीच्या कडेपर्यंत न्या. कडेच्या भिंतीवर उजेड पसरतो आणि समोरची काच डोळ्यांत खुपत नाही.

पण उघडायची कशी? ओटा दोन फूट रुंद, त्यापलीकडे भिंतीची जाडी. ओट्याला पोट टेकवून हात पुढे करून पाहा. पाच फूट उंचीच्या बाईचा हात खिडकीच्या खालच्या भागापर्यंत कसाबसा पोचतो. वरची कडी तिला लागणारच नाही. ती मग स्टूल घेते, तेही ओल्या फरशीवर. किंवा खिडकी बंदच राहते, आणि मोठ्या काचेमागे फोडणीचा धूर कोंडतो. म्हणून खिडकी उघडायची मूठ खालच्या काठापासून पाच-सहा इंचांवर असावी, असं फॅब्रिकेटरला कागदावर लिहून द्या. काम सुरू होण्याआधी भिंतीवर खडूनं खिडकीची चौकट काढा आणि घरात जी सगळ्यात बुटकी व्यक्ती स्वयंपाक करते, तिला समोर उभं करून तिचा हात कुठे पोचतो ते तिथेच टिंब करून ठेवा. सासूबाई आणि सून दोघी करत असतील तर दोघींना उभं करा.

सरकती खिडकी जागा खात नाही, पण दोन रुळांची असेल तर कधीही निम्मीच उघडते. पाच फुटांच्या खिडकीतून वारा येतो अडीच फुटांतून. तीन रूळ घेऊन तिन्हीवर काचा बसवल्या तर दोन तृतीयांश उघडते, पण मग डासांच्या जाळीची सोय वेगळी करावी लागते. झडपांची खिडकी पूर्ण उघडते. मात्र आत उघडणारी झडप नळाच्या उंच मानेवर आपटते आणि बाहेर उघडणारी ग्रिलला अडते. मला स्वतःला सुचवायला आवडतो तो मधला मार्ग: मध्ये मोठी पक्की, न उघडणारी काच, दोन्ही कडांना दीड-दीड फुटांच्या बाहेर उघडणाऱ्या झडपा, आणि त्यांना सामावेल इतकं पुढे घेतलेलं ग्रिल. नळ पक्क्या काचेसमोर येतो, वारा कडांनी खेळतो.

सिंक खिडकीखाली घ्या, गॅस घेऊ नका. वाऱ्याच्या झोतानं बारीक केलेली ज्योत विझते आणि गॅस तसाच येत राहतो. शेगडी खिडकीपासून निदान दोन-अडीच फूट बाजूला हवी. सिलिंडरवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. साडेतीन फुटांवरची खिडकी कितीही मोठी असली तरी तो तिच्यातून आपोआप जात नाही. सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला जाळीचं भोक बाहेरच्या भिंतीतून हवंच. पाइपचा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. तिथे छताजवळची कायम उघडी जाळी कामाची. नव्या खिडकीच्या हौसेत जुना वरचा झरोका बुजवू नका.

खिडकी वाढली की डब्यांची जागा जाते, हे खरंच आहे, आणि घरातला वाद बहुधा इथेच अडतो. ओट्यावरची कपाटं गेली की गव्हाचा डबा, लोणच्याच्या बरण्या, कुकर जायचे कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्या भिंतीला खिडकी नाही तिथे जमिनीपासून छतापर्यंत एक फूट खोल मांडणी करा. कमी खोलीमुळे मागचा डबा पुढच्यामागे लपत नाही. मिक्सरचे प्लग खिडकीच्या बाजूच्या भिंतींवर आधीच न्या, टाइल बसल्यावर ते जमत नाही.

काच मोठी असेल तर ती टफन केलेलीच घ्या. फुटली तरी तिचे बारीक दाणे होतात, सुरे होत नाहीत. टफन झाल्यावर ती कापता येत नाही, त्यामुळे एक्झॉस्ट फॅनचं भोक कुठे हवं ते ऑर्डर देण्यापूर्वीच सांगावं लागतं. ग्रिलचा एक भाग कडीकुलपासह उघडणारा ठेवा, आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी. कोकणात वानरांचा उपद्रव असेल तर गजांतलं अंतर चार इंचांच्या आत ठेवायला सांगा.

शेवटी पाऊस. खिडकीचं काम मे संपायच्या आत उरकावं. खालची दगडी पट्टी बाहेरच्या बाजूला उताराची हवी, भिंतीच्या बाहेर दोन इंच आलेली, आणि तिच्या पोटाखाली एक खाच, म्हणजे पाणी मागे सरकून भिंतीत न मुरता तिथूनच ठिबकतं. रुळांना बाहेरच्या अंगाला पाणी जायची भोकं आहेत का ते बोट लावून बघा. पुष्कळदा ती सिमेंटनं बुजलेली असतात. काम झालं की फॅब्रिकेटर समोर असतानाच बाहेरून काचेवर पाइपनं दहा मिनिटं जोरात पाणी मारा. कुणीतरी आत ओट्याशी हातात कोरडं फडकं घेऊन उभं राहा, चौकटीचे चारही कोपरे पुसून पाहा. फडकं कोरडं राहिलं तर उरलेले पैसे द्या. ओलं झालं तर सिलिकॉन पुन्हा भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत पाणी मारा.

नमस्कार.