एक्लिप्सच्या पोटातला कंपायलर

एक्लिप्स, म्हणजे जावाचा कोड लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, जड आहे ही तक्रार खरी आहे. पण आज आधी त्याच्या कंपायलरबद्दल, म्हणजे लिहिलेला कोड चालण्याजोग्या रूपात बदलणाऱ्या भागाबद्दल बोलू, कारण त्याचं बळ आणि त्याची डोकेदुखी या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी तिथूनच निघतात.

आयबीएमने २००१ मध्ये एक्लिप्सचा कोड खुला केला आणि २००४ पासून एक्लिप्स फाउंडेशन तो सांभाळतं. जावा कंपाइल करायला एक्लिप्स जेडीकेमधला (जावाच्या अधिकृत साधनसंचातला) जावासी हा कंपायलर वापरत नाही. त्याचा स्वतःचा कंपायलर आहे, ईसीजे. फाइल सेव्ह झाली की ती आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइलीच पुन्हा कंपाइल होतात. म्हणून मोठ्या प्रोजेक्टमध्ये एखाद्या मेथडचं पॅरामीटर बदललं, तर कुठे कुठे मोडलं ते लगेच दिसतं. चूक असलेला कोडसुद्धा चालवता येतो: प्रोग्राम त्या मेथडपर्यंत पोचला की तिथे एरर येते, तोवर बाकीचा भाग तपासून होतो. अर्धवट रिफॅक्टरिंगमध्ये, म्हणजे कोडची रचना बदलणं अजून चालू असताना, ही सोय अमूल्य आहे.

आता दुसरी बाजू. जेनेरिक्सच्या (डेटाचा प्रकार बाहेरून ठरवू देणाऱ्या कोडच्या) अवघड जागी ईसीजे आणि जावासी यांचं कधी कधी पटत नाही. एडिटरमध्ये एकही लाल खूण नाही आणि सर्व्हरवर मेवनचा (जावासी वापरून प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनाचा) बिल्ड पडतो, तो बऱ्याचदा यामुळे. कोड सर्व्हरवर पाठवण्याआधी कमांड लाइनवर एकदा पूर्ण मेवन बिल्ड चालवाच. उलट, मेवनची पॉम ही सेटिंगची फाइल बदलूनही एक्लिप्सला जुन्याच जार (लायब्ररीच्या फाइली) दिसत असतील, तर ऑल्ट आणि एफ५ दाबून प्रोजेक्ट अपडेट करा.

वर्कस्पेस, म्हणजे एक्लिप्स आपली कामाची माहिती ठेवतं तो फोल्डर, हा दुसरा नाजूक भाग. वीज गेली किंवा एक्लिप्स मध्येच मारलं, तर त्यातला 'मेटाडेटा' फोल्डर बिघडून एक्लिप्स उघडेनासं होऊ शकतं. अशा वेळी 'मेटाडेटा' फोल्डरचं नाव बदला, एक्लिप्स सुरू करा आणि प्रोजेक्ट पुन्हा इम्पोर्ट करा. कोड शाबूत राहतो, सेटिंग्ज मात्र जातात. जुना फोल्डर लगेच पुसू नका: मूळ सेटिंगनुसार ७ दिवस टिकणारी लोकल हिस्टरी, म्हणजे फाइलींच्या जुन्या प्रती, त्यातच असते.

मेमरीबाबत हमखास होणारी चूक म्हणजे 'एक्लिप्स.आयएनआय' या एक्लिप्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मेमरीचा आकडा वाढवून आपला प्रोग्राम सुधारेल असं समजणं. तो आकडा खुद्द एक्लिप्ससाठी असतो. प्रोग्रामची मेमरी रन कॉन्फिगरेशनमध्ये द्यायची. 'एक्लिप्स.आयएनआय'मध्येच 'व्हीएम' हा (एक्लिप्सने कोणता जावा वापरायचा ते सांगणारा) पर्याय आणि जावाचा पाथ दोन वेगळ्या ओळींवर लिहा, आणि तेही 'व्हीएमआर्ग्ज'च्या वर. खाली लिहिलेलं सगळं थेट जावाकडे जातं आणि एक्लिप्स ते वाचतच नाही.

प्लगइन, म्हणजे वरून बसवलेल्या जोडण्या, मोजकेच ठेवा. ते सगळे एकाच प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे एक अडकला की अख्खी खिडकी गोठू शकते.

एक्लिप्स सोडून व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरकडे वळलात तरी तिथल्या रेड हॅटच्या जावा एक्स्टेंशनमागे एक्लिप्सचंच जेडीटी, म्हणजे ईसीजे ज्याचा भाग आहे तो जावाचा साधनसंच, काम करतं. मेवन बिल्ड चालवून पाहण्याचं काम तिथेही चुकत नाही.