कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी उघडा

मित्रहो, जुन्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये येतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "कार्ब्युरेटर साफ करायचाय." गाडी मिसिंग करते, पिकअप घेत नाही, आयडलिंगला बंद पडते, तक्रार कुठलीही असो, निदान तो सोबतच घेऊन येतो. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. तो असतोही समोरच, चार नट काढले की हातात येतो. म्हणून आधी तोच उघडला जातो. तो सगळ्यात शेवटी उघडायचा असतो, हे मला आज तुम्हाला पटवून द्यायचं आहे.

कॉन्टॅक्ट पॉइंटचं, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्विचचं उदाहरण घ्या. कितीतरी जुन्या गाड्यांत तो उघडल्यावरची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची असते. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते आणि फट कमी होत जाते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो, ठिणगी उशिरा पडते. गाडी जड ओढते, तापते, पेट्रोल जास्त खाते. ऐकणाऱ्याला वाटतं, कार्ब्युरेटरच गेला. मग कोणीतरी मिक्स्चरचा स्क्रू फिरवतो, आणि आता एका दोषाचे दोन होतात. म्हणून माझा क्रम पक्का आहे: आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब), मग इग्निशन (ठिणगी), मग पेट्रोल.

कॉम्प्रेशनवर फार वेळ घालवत नाही. इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले हवेत, इग्निशन तोडलेलं हवं आणि थ्रॉटल पूर्ण उघडा हवा; ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात आणि सगळेच आकडे कमी आले म्हणून घाबरतात. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा. एकाचाच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघा. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्या दोघांमधला हेड गॅस्केट.

आता ज्या तक्रारीवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तिच्याकडे येतो. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, दहा-पंधरा किलोमीटर उत्तम धावते, मग झटके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती ठणठणीत असते, त्यामुळे तिथे काहीच सापडत नाही, आणि अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातात.

हे निदान गाडी बंद पडते तिथेच, त्याच पाच मिनिटांत करायचं असतं. गाडी सुरक्षित कडेला घ्या आणि आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून जोरात हवा आत गेली आणि मग गाडी चालू झाली, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे झाकणातलं हवा आत घेणारं भोक बुजलं आहे. पेट्रोल खेचलं जातंय, पण त्याच्या जागी हवा येत नाही; टाकीत निर्वात होतो आणि पंप हरतो. झाकण बदललं की काम झालं, कार्ब्युरेटरला हात लावायचीही गरज नाही.

तसा आवाज नाही आला तर बॉनेट उघडा. इग्निशन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या घशात वरून बघा आणि थ्रॉटलची कडी हाताने झटकन ओढा. बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंप असतो, तो थ्रॉटल उघडताच थोडं पेट्रोल आत मारतो. बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल असेल तर बारीक धार पडलेली स्वच्छ दिसते. धार पडली, म्हणजे पेट्रोल आहे आणि संशय ठिणगीवर जातो. गरम झाल्यावर दगा देणाऱ्या दोन वस्तू तिथे आहेत, इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा विजेचा भाग). फिल्टर परत बसवा, सांडलेल्या पेट्रोलचा वास पूर्ण जाऊ द्या आणि मगच ठिणगी तपासा. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर चोर सापडला. उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडू नका, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी असल्याशिवाय यातलं काहीच करू नका.

धार पडली नाही, तर बाऊल रिकामा आहे. पंपावर आणि पाइपवर ओला फडका टाका. थोड्या वेळात पेट्रोल यायला लागलं तर व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ झाली. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, पेट्रोल बऱ्याच जास्त दाबाखाली असतं, म्हणून तिथे हा त्रास क्वचित होतो. मेकॅनिकल पंप मात्र इंजिनलाच चिकटलेला, आणि टाकीकडून येणारं पेट्रोल तो खेचून घेत असतो. दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं.

या खेचणाऱ्या बाजूबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण भलेभले इथे फसतात. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीला चीर गेली तर तिथून पेट्रोल गळेलच असं नाही. ती हवा ओढते. खाली थेंब नाही, वास नाही, नळी वरून चांगली दिसते. आयडलिंगला पेट्रोलची गरज कमी, म्हणून गाडी ठीक वाटते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर मागितला की मरते. पारदर्शक फिल्टर लावलेला असेल तर त्यातून बुडबुड्यांची रांग जाताना दिसते. नळी क्लिपजवळ वाकवून बघा, चिरा तिथेच असतात.

मिश्रण पातळ की दाट, हे हत्याराशिवाय कळतं. गरम इंजिनवर चोक (हवा कमी करून मिश्रण दाट करणारी झडप) जरासा ओढा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय: जेट तुंबलाय, किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फुकटची हवा शिरतेय. बिघडली, काळा धूर सोडला, तर पेट्रोल आधीच जास्त आहे: फ्लोटची पातळी, नीडल व्हॉल्व्ह, अडकलेला चोक. प्लगही तेच सांगतो. कोरडी काळी काजळी म्हणजे बहुधा दाट मिश्रण, चकचकीत ओला काळा म्हणजे ऑइल, पांढराफटक म्हणजे पातळ मिश्रण किंवा जास्त तापलेलं इंजिन.

सुरुवातीच्या इंजेक्शन गाड्यांना स्कॅनर लावायची सोय नसते किंवा अगदी जुजबी असते. ओबीडी-२, म्हणजे स्कॅनरने दोष वाचायची प्रमाणित पद्धत, अमेरिकेत सक्तीची झाली तीच १९९६ च्या मॉडेलपासून. अशा गाड्यांत दोन जागा आधी बघा. एक, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर: तो 'इंजिन थंड आहे' असं खोटं सांगत राहिला तर गरम गाडीलाही जास्त पेट्रोल मिळत राहतं. दुसरी, पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी. ती काढून नुसती हुंगा. आत पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा आतला पडदा, डायफ्रॅम, फाटलाय.

शेवटचा मुद्दा एथेनॉलचा, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या अल्कोहोलचा. ते जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतला ओलावा धरतं. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीतळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि स्थिर होऊ द्या. खाली वेगळा थर जमला तर पाणी आणि एथेनॉल पेट्रोलपासून सुटलंय. त्यात नुसतं नवं पेट्रोल मिसळून चालत नाही. टाकी रिकामी करून धुवायची, नळ्या एथेनॉल सोसणाऱ्या घालायच्या, नवा फिल्टर बसवायचा. आणि त्यानंतरही गाडी अडखळली, तर आता कार्ब्युरेटर उघडा.