ग्लोव्ह्जच्या आतले हात

(दृश्य : ऑपरेशन थिएटरबाहेरचं बेसिन. कोपरापर्यंत साबण लावून घासले जाणारे हात.)

ऑपरेशनचे रबरी हातमोजे आले कुणासाठी? पेशंटसाठी, असं कुणीही म्हणेल. पण ते आले एका नर्सच्या हातांसाठी.

अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ साली सुरू झालं. तिथल्या थिएटरची व्यवस्था कॅरोलाइन हॅम्प्टन या नर्सकडे होती. जंतू मारण्यासाठी तेव्हा मर्क्युरिक क्लोराइडचं पाणी वापरत. पाऱ्याचं हे जहाल रसायन रोज लागून हॅम्प्टनबाईंचे हात आणि दंड सोलवटून निघाले. सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराचे दोन जोड हातमोजे करवून घेतले. १८९० च्या जूनमध्ये दोघांचं लग्न झालं, बाईंची नोकरी संपली. हातमोजे मात्र थिएटरातच राहिले. त्यांच्यामुळे पेशंटच्या जखमा चिघळायच्या थांबतात, हे जोसेफ ब्लडगूड या सहकाऱ्यानं हर्नियाच्या शेकडो ऑपरेशनांचा हिशेब मांडून १८९९ साली दाखवलं. इतकी वर्षं हे आपल्याला दिसलं कसं नाही, याचं नवल पुढे खुद्द हॅल्स्टेडनीच लिहून ठेवलं आहे.

त्यानंतर हातमोजा पेशंटचा झाला. आत घातलेल्या हाताची चौकशी फारशी कुणी केली नाही.

(दृश्य : पहाटेची रबराची बाग. झाडाच्या सालीवर तिरकी चीर, खाली वाटी.)

ही दोडामार्गची बाग. केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी सिंधुदुर्गात रबर लावलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वाटीत थेंब थेंब पडतोय तो चीक म्हणजेच लॅटेक्स. पाणी, रबराचे कण आणि थोडी प्रथिनं. झाड यातली बरीच प्रथिनं स्वतःच्या बचावासाठी बनवतं, माणसाच्या शरीराला मात्र ती परकी. त्यातल्या पंधरा प्रथिनांची ॲलर्जी आणणारी म्हणून रीतसर नोंद आहे, रबराच्या झाडाच्या शास्त्रीय नावावरून : हेव बी १ पासून हेव बी १५ पर्यंत.

कारखान्यात चिनी मातीचे हात या चिकात बुडवतात, मग तापवतात. रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून त्यात थायुराम, कार्बामेट अशी रसायनं घातलेली असतात. शेवटी गरम पाण्याच्या धुण्या. धुणं नीट झालं तर प्रथिनं आणि रसायनं बरीचशी निघून जातात. उरकलेलं असलं तर ती ग्लोव्ह्जबरोबर वॉर्डात येतात.

(दृश्य : वॉर्ड. सकाळची शिफ्ट. ग्लोव्ह्ज चढतात, उतरतात, कचऱ्याच्या लाल पिशवीत पडतात.)

सिस्टरच्या हाताला खाज सुटली की सगळे म्हणतात, “ग्लोव्ह्जची ॲलर्जी.” सिस्टर स्वतःही तेच म्हणते. पण या एका नावाखाली तीन वेगळी दुखणी राहतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

सगळ्यात जास्त आढळणारं दुखणं ॲलर्जीचं नाहीच. साबण, पाणी, घाम, पुन्हा साबण. कातडीवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, बोटांच्या बेचक्यात चरे पडतात, सांध्यांवर भेगा पडतात, आग होते. जर्मनीतल्या पूर्वीच्या नियमांत दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ हात ओले असणं, किंवा वीसहून जास्त वेळा हात धुणं, म्हणजे ‘ओलं काम’ धरत. आणि घाम न सुकू देणारे ग्लोव्ह्ज घालून काढलेले तासही तेव्हा त्यातच मोजत. आपल्याकडच्या आयसीयूत वीसचा आकडा जेवणाच्या सुट्टीआधीच मागे पडतो.

इथे एक उलटाच प्रकार होतो. अल्कोहोलचं हँडरब साबणापेक्षा कातडीला सौम्य असतं. पण हात आधीच फुटलेले असले की ते झोंबतं. झोंबलं म्हणून सिस्टर ते सोडते आणि बेसिनकडे वळते. साबणानं भेगा आणखी वाढतात. हात उघड मळलेले नसतील, तर हँडरबवरच राहणं शहाणपणाचं. पण झोंबणाऱ्या हाताला हे पटवणं सोपं नाही.

दुसरं दुखणं खऱ्या ॲलर्जीचं, पण चिकाची नव्हे. ती असते थायुराम-कार्बामेटसारख्या रसायनांची. ग्लोव्ह्ज घातल्यावर लगेच काही होत नाही. एक-दोन दिवसांनी हाताच्या पाठीवर, मनगटावर, नेमका ग्लोव्ह संपतो त्या रेषेपर्यंत इसब उठतं. याचा छडा पॅच टेस्टनं लागतो : पाठीवर रसायनांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, नंतरही पुन्हा बघतात. आणि हे लक्षात ठेवा, बऱ्याच नायट्राइल, म्हणजे कृत्रिम रबराच्या, ग्लोव्ह्जमध्येही हीच रसायनं असतात. “लॅटेक्स सोडून नायट्राइल घेतले तरी हात तसेच,” अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या दुखण्याचं मूळ बहुधा इथेच असतं. त्यांना अशी रसायनं न वापरता केलेले ग्लोव्ह्ज शोधावे लागतात.

तिसरं दुखणं सगळ्यात कमी जणांना होतं, आणि सगळ्यात धोक्याचं. ही चिकातल्या प्रथिनांची ॲलर्जी. मिनिटांत अंगावर गांधी उठतात, नाक-डोळे वाहतात, छाती भरून येते. क्वचित रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. रक्ततपासणीनं किंवा कातडीवरच्या प्रिक टेस्टनं ती ओळखता येते. यातल्या तीस ते पन्नास टक्के लोकांना केळं, किवी, ॲव्होकॅडो, पपई अशा फळांचाही त्रास होतो, कारण त्यांतली काही प्रथिनं चिकातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. पण तेवढ्यावरून उगाच केळी सोडू नका, आधीच नर्सच्या डब्याला वेळ मिळत नाही. खाऊन तोंड खाजत असेल, ओठ सुजत असतील, तरच डॉक्टरांशी बोला.

(दृश्य : जुनी पावडरवाली ग्लोव्ह्जची जोडी ओढून काढताना उडणारा पांढरा धुरळा. संथ गतीत.)

हे तिसरं दुखणं पसरलं एड्सच्या काळात. १९८७ साली अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं सांगितलं : प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरूनच काम करा. सल्ला रास्तच होता. ग्लोव्ह्जची मागणी मात्र एकदम भडकली. घाईत निघालेला माल कारखान्यात पुरेसा धुतला गेला नसावा, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. १९९१ मध्ये तिथल्या एफडीएला, म्हणजे औषध प्रशासनाला, डॉक्टरांसाठी इशारा काढावा लागला. बेरियम एनिमाच्या (आतड्याच्या एक्स-रेसाठी गुदद्वारातून बेरियम सोडतात त्या) नळीवरच्या लॅटेक्सच्या फुग्यामुळे पेशंट दगावले होते. १९९७ पर्यंत नियमित ग्लोव्ह्ज वापरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते १२ टक्के लोकांच्या शरीरात लॅटेक्सविरुद्धची संवेदनशीलता तयार झाली असल्याचं नायॉश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या अमेरिकी संस्थेनं जाहीर केलं.

खरी मेख पावडरीत होती. ग्लोव्ह सहज चढावा म्हणून आत मक्याचं पीठ असे. पीठ स्वतः सहसा ॲलर्जी आणत नाही, पण प्रथिनं त्याला चिकटतात. ग्लोव्ह फटकन ओढला की पीठ हवेत, आणि त्याच्यावर स्वार होऊन प्रथिनं शेजारच्याच्या श्वासात. ज्या नर्सनं लॅटेक्सला हातही लावला नाही, तिलाही दमा होऊ शकायचा.

जर्मनीनं १९९०च्या दशकाच्या शेवटी पावडरवाले लॅटेक्स ग्लोव्ह्ज कामाच्या जागेवरून हटवले, आणि कर्मचाऱ्यांतल्या नव्या केसेस झपाट्यानं घटल्या. लस नाही, औषध नाही, फक्त पीठ काढलं. व्यवसायजन्य आजारांत इतका स्वस्त विजय विरळाच. अमेरिकेनं पावडरवाल्या ग्लोव्ह्जवर पूर्ण बंदी घातली ती जानेवारी २०१७ मध्ये. आपल्याकडे ते आजही औषधांच्या दुकानात मिळतात.

(दृश्य : वॉर्डातली फरशी. बादली, पोछा, हायपोचा कॅन.)

आतापर्यंत आपण सिस्टर आणि डॉक्टरांबद्दल बोललो. पण वॉर्डातल्या मावशी आणि मामांचे हात बघा. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि फिनेल यांत दिवस जातो. हातात बहुधा तेच पातळ, तपासणीचे ग्लोव्ह्ज असतात, जे या कामासाठी बनलेलेच नाहीत. पाणी आत शिरलं की रसायन कातडीशी कोंडून राहतं. यापेक्षा उघडे हात बरे, असं मावशी म्हणतात त्यात तथ्य आहे. त्यांना हवेत जाड, कोपराकडे जाणारे, आत सुती अस्तर असलेले हातमोजे. यातले कित्येक जण कंत्राटावर असतात. हात दाखवायला गेलो तर काम जाईल, या धास्तीनं ते कुठल्याच नोंदीत येत नाहीत.

घरचा उपाय म्हणजे खोबरेल तेल. शिफ्ट संपल्यावर, झोपताना लावा, चांगलंच आहे. पण ड्युटीवर लॅटेक्स ग्लोव्ह्जच्या आत नको. तेलानं लॅटेक्स कमजोर होतं, आणि ग्लोव्ह फाटला की अडचण कातडीपुरती राहत नाही.

प्रथिनांची ॲलर्जी ज्यांना आहे, त्यांनी दंतवैद्याला, भूल देणाऱ्या डॉक्टरला, प्रसूतीच्या वेळी आधीच सांगायला हवं. अशा पेशंटचं ऑपरेशन शक्यतो दिवसातलं पहिलं ठेवतात, कारण रात्रभरात थिएटरची हवा निवळलेली असते. पण तीच ॲलर्जी असलेल्या नर्सला रोज त्या हवेत उभं राहायचं असतं. तिनं स्वतःचे ग्लोव्ह्ज बदलून भागत नाही. शेजारी काम करणाऱ्यांचेही निदान बिनपावडरीचे लागतात. म्हणजे हा निर्णय तिच्या हातात नाही. तो होतो स्टोअरमध्ये, खरेदीच्या फाइलवर, जिथे बिनपावडरीचा डबा थोडा महाग दिसतो आणि सिस्टरच्या रजेचा खर्च कुठल्याच रकान्यात लिहिलेला नसतो.